पन्नासची खूण

कोअर मशीनमधून पहिला तुकडा निघाला तो वरून गुळगुळीत होता आणि खालून बुंदीच्या लाडवासारखा सुटत होता. मी तो दोन्ही हातांनी धरून बाहेर काढला, तरी तळातली खडी माझ्या ओंजळीत राहिलीच. दुसरा काढला, तोही तसाच. तिसऱ्याला मी मशीनवरच्या माणसाला दोष दिला, की तू घाई करतोयस. त्या बिचाऱ्यानं चौथा इतक्या सावकाश काढला की शेजारी उभं राहून मी थंडीनं काकडले, आणि चौथाही सुटलाच.

ही सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पाटणच्या वरच्या अंगाला जे पठार आहे, तिथं त्या वर्षी पवनचक्क्या उभ्या राहायच्या होत्या. त्यांची लांबच लांब पाती ट्रेलरवरून वर चढवायची, म्हणून आधी रस्ता. वारा असा की जेवताना एका हातानं भाकरी दाबून धरावी लागे. मी कराडला डिप्लोमा करून नुकतीच बाहेर पडले होते, वय एकवीस, आणि रस्त्याचं काम घेतलेल्या कंपनीत क्वालिटी इंजिनिअर म्हणून मला पहिलीच नोकरी लागली होती. हेल्मेट घालून हिंडणारी बाई त्या पठारावर मी एकटीच. वडिलांनी ‘एक महिना बघू’ म्हणून पाठवलं होतं, आणि साईटवरचे पुरुषही महिनाभर बघू अशाच नजरेनं माझ्याकडे बघत होते. त्यामुळे मी नाक जरा जास्तच वर ठेवत असे.

काम सांगायला सोपं होतं. डंपरमधून गरम डांबरी माल यायचा, पेव्हर तो पसरायचा, रोलर दाबायचा. दाबून झालेला थर पन्नास मिलिमीटर भरला पाहिजे. दुसऱ्या दिवशी रस्त्यातून गोल तुकडे कापून काढायचे, त्यांना कोअर म्हणतात, आणि तो माल किती घट्ट बसलाय ते प्रयोगशाळेत वजनं करून काढायचं. शंभरातले अठ्ठ्याण्णव मिळाले तर पास. सोमवारी आमच्या सीनियर इंजिनिअरांनी तीनशे मीटर थर टाकून घेतला होता, त्याचे कोअर अठ्ठ्याण्णवच्या वर होते. त्याच संध्याकाळी ते सुट्टीवर गेले, आणि मंगळवारचे चारशे मीटर माझ्या देखरेखीखाली पडले. बुधवारी त्याचेच कोअर मी काढत होते. पत्र्याच्या शेडमधल्या आमच्या प्रयोगशाळेत वजनं केली. त्र्याण्णव, साडेब्याण्णव, चौऱ्याण्णव, त्र्याण्णव.

साईटचे इन्चार्ज भोइटे माझ्या खांद्यावरून आकडे वाचत होते. त्यांनी तिथल्या तिथे निकाल लावला. माल तोच, पेव्हर तोच, रोलर तोच, हवा तीच. मग बदललं काय? तर मंगळवारी रोलरवाल्याला जत्रेला जायचं होतं.

रोलरवर यल्लाप्पा धोत्रे होता. पंचावन्नच्या पुढचा, काटक, कमी बोलणारा माणूस. जातीनं वडार, मूळ गाव जतच्या बाजूला. त्याच्या बापानं आणि आज्यानं जन्मभर दगड फोडले होते, आणि यल्लाप्पा त्यांच्या घराण्यातला मशीनवर बसलेला पहिला माणूस. सव्वीस वर्षं त्यानं रोलर चालवला होता. जानेवारीत कंपनीचा नवाकोरा व्हायब्रेटरी रोलर यायचा होता आणि तो यल्लाप्पालाच मिळणार, हे सगळ्या साईटला ठाऊक होतं. त्याला ‘मामा’ म्हणायची पद्धत होती, मीही म्हणत असे. मंगळवारी संध्याकाळच्या गाडीनं तो यल्लम्माच्या जत्रेला गेला होता, गुरुवारी सकाळी यायचा होता.

भोइटे म्हणाले की आठ फेऱ्या मारायच्या तिथं त्यानं पाचच मारल्या असणार, एसटी गाठायची म्हणून. आता नवीन रोलर तर त्याला नाहीच, हाही काढून घ्यायचा आणि म्हाताऱ्याला खाली डांबराच्या प्लँटवर राखणीला बसवायचं. शुक्रवारी बांधकाम खात्याचे डेप्युटी इंजिनिअर कुरणेसाहेब तपासणीला येणार होते, त्याआधी माझा रिपोर्ट तयार हवा. त्यात मी एवढंच लिहायचं होतं की रोलिंग अपुरं झालं.

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, पटलं त्याहून जास्त बरं वाटलं. चारशे मीटर माझ्या नावावर होते आणि ते दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर जात होते. त्या रात्री मला झोपही छान लागली, हे आज सांगताना लाज वाटते.

गुरुवारी सकाळी यल्लाप्पा आला तो कपाळभर भंडारा लावून. पिशवीत प्रसाद होता. रांगेनं सगळ्यांना वाटत वाटत तो शेडपाशी आला आणि चुरमुऱ्यांची आणि खोबऱ्याची एक पुडी त्यानं माझ्या टेबलावर ठेवली. त्याला अजून काही माहीत नव्हतं. तो बाहेर गेला आणि खडी झाडणाऱ्या बायांपैकी कुणीतरी त्याला सगळं सांगितलं, कारण पंधरा मिनिटांनी तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा पार उतरला होता.

“बाई, रिपोर्ट लिव्हला का?” त्यानं विचारलं.

मी म्हटलं, अजून नाही.

तो दारातच उभा राहिला. मग त्यानं मला तो फेऱ्या कशा मोजतो ते सांगितलं. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि रोलरच्या धडधडीत आकडे चुकतात, असा त्याचा अनुभव होता. म्हणून तो आकडे मोजतच नसे. ती आठ भावंडं. प्रत्येक फेरीला तो एकेकाचं नाव घ्यायचा, थोरल्या बहिणीपासून. दुर्गव्वा, हणमंता, तिम्मा, रंगव्वा, नागव्वा, भीमाप्पा, लगमव्वा, आणि शेवटी स्वतःचं. स्वतःचं नाव आलं की पट्टा झाला, रोलर पुढच्या पट्ट्यावर. सव्वीस वर्षं तो हेच करत आला होता. त्यातली तीन भावंडं आता राहिली नव्हती, पण त्यांच्या फेऱ्या तो तशाच मारायचा.

“आता तुमीच सांगा,” तो म्हणाला, “जत्रंला जायाचं म्हणून म्या ह्यातलं कोण गाळलं आसंल?”

मला त्याचं खरं वाटलं आणि खरं वाटलं म्हणून भीतीही वाटली. फेऱ्या आठ झाल्या असतील तर मग चुकलं काय, हा प्रश्न माझ्याकडेच येत होता.

“आन् येक इचारायचं हाय,” तो म्हणाला. “सोमवारी भीमाप्पापतुर माल ऊन हुता, चाकाखाली हलत हुता. मंगळवारी रंगव्वालाच गार पडला. फुडं फुडं तर खडी पांढरी दिसाय लागली. खडी फुटल्याबिगर पांढरी दिसत न्हाई, आमा वडरास्नी ते शिकवाय नगं. पर येवढ्या बिगीनं गार का झाला, ते मला कळंना. तुमी शिकल्याल्या, म्हणून इचारतो.”

मी म्हटलं, वारा असेल.

“वारा सोमवारी बी हुता,” तो म्हणाला आणि गेला.

तो गेल्यावर मी रजिस्टर उघडलं. प्रत्येक कोअरची उंची लिहायचा एक रकाना त्यात असतो. तो मीच माझ्या हातानं भरला होता, पण वाचला मात्र नव्हता. माझं सगळं लक्ष वजनांकडे होतं. सोमवारचे कोअर: पन्नास, एकावन्न, पन्नास. मंगळवारचे: एक्केचाळीस, चाळीस, एक्केचाळीस, चाळीस. ठसठशीत शाईत, नीट ओळीत, माझंच अक्षर.

ते चाळीस कुठून आले, हे मला त्याच क्षणी समजलं.

पेव्हरच्या मागे एक माणूस सळई घेऊन चालतो. पसरलेल्या सुट्या मालात ती खुपसून थराची जाडी बघतो. कुठवर खुपसायची त्यासाठी सळईवर कानशीनं एक खूण केलेली असते. सोमवारी सीनियरांची सळई होती, ती त्यांच्या गाडीतच गेली, म्हणून मंगळवारी सकाळी दुसरी सळई काढून त्यानं मला विचारलं होतं, की मॅडम, ही मागच्या कामाची खूण आहे, चालेल का? मी खिशातली स्टीलची पट्टी काढून सळईला लावली. टोकापासून खुणेपर्यंत बरोबर पन्नास मिलिमीटर. आपल्याला हवाय पन्नासचा थर. मी पट्टी खिशात टाकून मोठ्या रुबाबात म्हटलं, चालेल.

पण खूण असते सुट्या मालाची. दाबल्यावर तो बसतो, चौथा-पाचवा हिस्सा खाली जातो. मागचं काम चाळीसच्या थराचं होतं, म्हणून त्यांची खूण पन्नासवर होती. आम्हाला दाबून पन्नास हवा होता, म्हणजे सुटा निदान बासष्ट पडायला हवा. पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला हा प्रश्न परीक्षेत येतो आणि त्याचं उत्तर मी बरोबर लिहिलं होतं.

दहा मिलिमीटर म्हणजे किती, बोटाच्या पेराहून कमी. पण पातेल्यातला भात बराच वेळ वाफाळत राहतो आणि ताटात पसरला की दोन घासांत गार होतो. डांबराचंही तसंच. थर जाड असला की आतली ऊब टिकते, माल मऊ राहतो, रोलरच्या वजनाखाली खडी सरकून एकमेकींत बसायला तिला वेळ मिळतो. पातळ थराची ऊब वरून वारा खातो आणि खालून जमीन खाते. त्यातून आमची मोठी खडी वीस मिलिमीटरची. थर तिच्या निदान अडीचपट तरी हवा, नाहीतर खडीला वळायलासुद्धा जागा उरत नाही. मग रोलर तिला बसवत नाही, फोडतो. यल्लाप्पानं चौथ्या फेरीला जे पाहिलं ते हेच होतं, आणि उरलेल्या चार फेऱ्या त्यानं बिचाऱ्यानं गार दगडावर मारल्या होत्या.

मी भोइट्यांकडे गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं ते भडकतील. ते शांतपणे ऐकत राहिले, मग उठून त्यांनी शेडचं दार लोटून घेतलं.

त्यांचं म्हणणं असं होतं की थर पातळ पडला हे एकदा कागदावर आलं की कंपनीवर ‘जाडीत चोरी’ असा शिक्का बसतो, आणि मग पुढचं प्रत्येक काम संशयानं तपासलं जातं. रोलिंग कमी पडलं म्हटलं की माणूस बदलायचा, थोडी दुरुस्ती करायची, विषय संपला. कुरणेसाहेब घनता विचारतील, उंची कोण विचारतो? तो रकाना मी मोकळा ठेवायचा होता.

“आणि मॅडम, तुमची ही पहिलीच नोकरी,” ते म्हणाले. “बाई माणूस साईटवर चालत नाही असं म्हणणारे कमी नाहीत. त्यांच्या हातात कोलीत द्यायचंय का तुम्हाला? यल्लाप्पाचं काय, दोन वर्षांनी तो तसाही थांबणारच आहे. सावलीत खुर्ची देतोय त्याला.”

हे ते वाईट मनानं बोलले नाहीत. त्यांना खरंच वाटत होतं की यात सगळ्यांचंच भलं आहे. आणि मलाही, पुन्हा खरं सांगायचं तर, तासभर तसंच वाटलं. मी शेडमध्ये बसून ‘रोलिंग अपुरे’ हे दोन शब्द लिहिले आणि खोडले, परत लिहिले. बाहेर यल्लाप्पा बंद रोलरची चाकं खरवडून साफ करत होता. काम बंद होतं, रोलर चालवायचा नव्हता, त्याला कुणी सांगितलंही नव्हतं. तो सवयीनं करत होता. मी कागद फाडला.

शुक्रवारी दहा वाजता कुरणेसाहेबांची जीप आली. साहेब उंच, कमालीचे तिरसट, आणि कुणाचंही बोलणं अर्ध्यात तोडणारे. मंगळवारच्या चारशे मीटरवर ते बूट आपटत चालत गेले. मागे भोइटे, मी, आणि थोड्या अंतरावर बोलावून घेतलेला यल्लाप्पा. भोइट्यांनी रोलिंगबद्दल सुरुवात केली तेव्हा मी मध्ये बोलले.

“सर, रोलिंग आठ फेऱ्यांचंच झालंय. थर पातळ पडलाय, चाळीसचा. सळईची खूण मी तपासली होती आणि मीच चुकीची पास केली.”

साहेब वळले. “पन्नास सुटा धरलास?”

“हो.”

“डिप्लोमा कुठून केलास?”

मी सांगितलं. मला वाटलं आता इथूनच एसटी स्टँडवर पाठवतील. पण त्यांना दुसरीच शंका आली होती. इन्चार्ज एक सांगतो, पोरगी दुसरंच सांगते, म्हणजे दोघांपैकी कुणीतरी कुणाला तरी वाचवतंय. दहा मिलिमीटरनं एवढा फरक पडतो, हे त्यांना माझ्या तोंडून नको होतं, रस्त्यावर दाखवून हवं होतं.

प्लँटच्या वळणावर थोडी तयार जागा होती. साहेबांनी तिथं दोन पट्टे टाकायला लावले, एकाच डंपरमधल्या मालाचे, शेजारी शेजारी. एक सुटा पन्नास, एक सुटा बासष्ट. सळई यावेळी त्यांनी स्वतः धरली. थर्मामीटर माझ्या हातात दिला. यल्लाप्पाला म्हणाले की दोन्ही पट्ट्यांवर आलटून पालटून सारख्या फेऱ्या मारायच्या आणि सगळ्यांना ऐकू येतील अशा मोठ्यानं मोजायच्या.

यल्लाप्पा अवघडला. मग मान खाली घालून त्यानं रोलर सुरू केला आणि ओरडला, “दुर्गव्वा!”

साहेबांनी भोइट्यांकडे पाहिलं. भोइट्यांनी आकाशाकडे पाहिलं. मी घाईघाईनं साहेबांना खुलासा केला. तोवर हणमंता झाला होता, तिम्मा झाला होता. खडीवरच्या बाया काम सोडून येऊन उभ्या राहिल्या होत्या. इतकी वर्षं या माणसाबरोबर काम करून त्याच्या भावंडांची नावं त्यांनाही माहीत नव्हती. कुणी हसलं नाही. रंगव्वाला मी पातळ पट्ट्यात थर्मामीटर खुपसला आणि वाचला, ब्याण्णव अंश. मग जाड पट्ट्यात, एकशे सोळा. साहेबांनी माझ्या हातातून थर्मामीटर घेऊन स्वतः वाचला, दोन्हीकडे. नागव्वाला पातळ पट्ट्यावर पहिली पांढरी खडी दिसली. जाड पट्टा यल्लाप्पाचं स्वतःचं नाव येईपर्यंत काळाभोर होता.

शनिवारी सकाळी साहेबांसमोर कोअर काढले. पातळ पट्टा साडेत्र्याण्णव. जाड पट्टा अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा. रोलर तोच, माणूस तोच, फेऱ्या तेवढ्याच.

साहेबांनी सगळे चारशे मीटर उखडून नव्यानं टाकायला सांगितले. यल्लाप्पाला म्हणाले, “धोत्रे, तुमचं काम चोख आहे.” भोइट्यांनी माझ्याकडे बोट करून हिचं काय करायचं म्हणून विचारलं, तेव्हा साहेब जीपमध्ये बसता बसता म्हणाले की हिला काढाल तर दुसरी आणाल, आणि ती हीच चूक नव्यानं करेल. ठेवा हिलाच. मी तिथंच मटकन खडीच्या ढिगावर बसले आणि रडले. वारा इतका होता की कुणाला ऐकू गेलं नसावं.

ही गोष्ट इथं संपली असं मला वाटलं होतं. खरं बोलले, नोकरी राहिली, यल्लाप्पाचा रोलर राहिला. पण पुढचे तीन-चार दिवस जुना थर उखडायचं काम चाललं होतं आणि त्या दिवसांत यल्लाप्पा माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मी “मामा” म्हटलं की तो दुसरीकडे बघायचा. मला राग आला. मनात म्हटलं, आणखी काय करायला हवं होतं मी? साहेबांसमोर स्वतःच्या तोंडानं कबूल केलं, ते कमी झालं का?

गुरुवारी नवा थर टाकायचा होता. सळईवर बासष्टची खूण मी स्वतः केली होती आणि तीनदा मोजली होती. पहिला डंपर वाफा सोडत येऊन उभा राहिला, पेव्हर सुरू झाला, आणि रोलरवर माणूसच नव्हता. यल्लाप्पा बाजूच्या दगडावर जाऊन बसला होता. भोइटे त्याच्यावर ओरडून आले, तो हलला नाही. पेव्हरचं इंजिन घुरघुरत थांबलं. डंपरमधला माल गार होत होता. मी पळत त्याच्याकडे गेले.

“मामा, काय झालं? माल गार होतोय.”

“व्हऊ द्या,” तो म्हणाला. मग पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडे सरळ पाहिलं. “बाई, तुमी सायबाम्होरं बोलला. सायबाला कळलं. माझं नाव सायबाम्होरं गेलं न्हवतं. हितं गेलं, ह्या गडी-बायांम्होरं. दोन दिस म्या चोर हुतो हितं. पोरीला बगाय पावनं येणार हायत, ती मानसं ह्यातल्याच कुणाला तरी इचारणार, यल्लाप्पा कसा हाय म्हणून. आमच्यात ज्यानं खापर फोडलं त्यानं चार मानसांत ते उचलायचं आसतंय. कोपऱ्यात न्हवं.”

त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं आणि माझ्या शिकलेल्या डोक्यात ते आलंच नव्हतं. साहेबांपुढे कबुली देणं अवघड वाटलं होतं, पण खरं सांगायचं तर त्यात थोडी ऐटही होती. खडी झाडणाऱ्या बायांपुढे, ज्यांच्यावर मी महिनाभर रुबाब केला होता त्यांच्यापुढे मान खाली घालायची, यात कसलीच ऐट नव्हती.

मी पेव्हरच्या फळीवर चढले. तीसेक माणसं होती. वारा शब्द उडवून नेत होता, म्हणून ओरडून बोलावं लागलं, आणि ओरडून माफी मागणं किती विचित्र असतं ते मला त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, मंगळवारचा रस्ता बिघडला तो यल्लाप्पामामामुळे नाही, माझ्यामुळे. त्यांनी एकही फेरी चुकवली नव्हती. थराची जाडी मी चुकीची सांगितली. आणि चूक त्यांची नाही असं मला गुरुवारी सकाळी वाटलं होतं, तरी शुक्रवारपर्यंत मी गप्प बसले, तीही माझीच चूक. मामा, मला माफ करा.

मग बायांमधून एक म्हातारी म्हणाली, “बरं झालं, बोललीस.” तेवढंच.

यल्लाप्पा उठला, हात झटकले आणि रोलरवर चढला. पेव्हर पुढे सरकला. मी मागून सळई खुपसत चालले, बासष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. रोलर दोनदा माझ्या शेजारून गेला आणि आला. तिसऱ्या फेरीनंतर तो मागच्या गार पट्ट्यावर जाऊन थांबला आणि यल्लाप्पानं मला हातानं खूण केली. मला वाटलं काहीतरी बिघडलं.

“वर या,” तो म्हणाला.

मी पायरीवर पाय ठेवून चढले. तो सीटवरून उठला आणि बाजूच्या पत्र्यावर उभा राहिला. सीटवर हात आपटून म्हणाला, “बसा.”

सव्वीस वर्षांत त्या सीटवर त्यानं दुसऱ्या कुणाला बसू दिलं नव्हतं. कंपनीच्या मालकाचा मुलगा एकदा फोटोसाठी बसायला आला होता, त्यालाही त्यानं खालीच उभं केलं होतं. आणि ज्या सीटवरून मी दोन शब्द लिहून त्याला कायमचं उतरवणार होते, तीच तो मला रिकामी करून देत होता. मी बसले. सीट त्याच्या अंगानं गरम होती. त्यानं माझे हात चाकावर ठेवले, दांडा स्वतः ओढला, आणि तो अवजड लोखंडी बैल हळूहळू नव्या थरावर चढला.

मी त्यापूर्वी घनतेची गणितं केली होती, तक्ते भरले होते, साहेबांना आकडे दाखवले होते. पण दाबल्या जाणाऱ्या रस्त्यावर मी कधी बसले नव्हते. खालचा माल जिवंत होता. चाकापुढे तो किंचित फुगत होता, चाकाखाली सरकत होता, आणि सरकता सरकता घट्ट होत होता. ते मला सीटमधून, पाठीच्या कण्यातून कळत होतं. बाया टाळ्या पिटत होत्या. मी हसत होते आणि डोळेही वाहत होते.

“काय लागतंय खाली?” यल्लाप्पानं माझ्या कानाशी ओरडून विचारलं.

“हलतोय अजून,” मी म्हटलं.

“हलतोय न्हवं?” तो म्हणाला. “मग भ्याचं काय कारान न्हाई. हलतोय तवर समदं नीट बसवता येतंय. चला, सरळ धरा.”

मी सरळ धरलं.